दोन्ही हात खांद्यापासून गेले, नर्व्ह मात्र शाबूत होत्या: छातीवरून चालवलेल्या इलेक्ट्रिक हाताचं प्रकरण

बायोनिक हात म्हटलं की गप्पा लगेच मोटर, बॅटरी, चिप आणि आता एआयवर जातात, आणि गाडी खरी जिथे अडली होती ती जागा कोणी बघतच नाही. ती जागा म्हणजे सिग्नल. हात कितीही भारी बनवा, त्याला "मूठ मिटायचीय" हे कळवणार कोण आणि कुठून? या प्रकरणात ते उत्तर एका प्लास्टिक सर्जनच्या टेबलावर सापडलं, आणि आज या क्षेत्रात जे काही नवीन चाललंय त्यातलं बरंचसं इथूनच फुटलेलं आहे, म्हणून हे जुनं प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे असं मला वाटतं.

पेशंटचं नाव अमेरिकेतल्या बातम्यांमध्ये आलेलं आहे, पण इथे मी त्यांना नुसतं लाइनमन म्हणणार आहे. डॉक्टरांची नावं मात्र घेतो, कारण त्यांचं काम जर्नलमध्ये छापलेलं आहे.

पार्श्वभूमी

मे २००१. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले हे गृहस्थ, वय ५४, विजेच्या लाइनवर काम करायचे, आपल्याकडे वायरमन म्हणतात तेच. कामावर असताना हाय व्होल्टेजचा झटका बसला आणि दोन्ही हात इतके जळाले की खांद्याच्या सांध्यापासून काढावे लागले. कोपराच्या वर वगैरे नाही, पार सांध्यातून. दंडाचं हाडसुद्धा शिल्लक नाही.

हाय व्होल्टेजच्या भाजण्याचं असं असतं की वरून दिसतं त्यापेक्षा आत कितीतरी जास्त जळलेलं असतं. करंट जाताना हाडाजवळची उष्णता लवकर निघून जात नाही, त्यामुळे हाडाला लागून असलेले खोलवरचे स्नायू शिजतात, रक्तवाहिन्या बंद पडतात, आणि वरची कातडी काही ठिकाणी ठीकठाक दिसत राहते. मग पहिले काही दिवस सर्जन थोडं थोडं मेलेलं मांस काढत वर सरकत जातो आणि शेवटी अँप्युटेशन, म्हणजे हातच कापून काढणं. हे आपल्याकडच्या बर्न्स वॉर्डात काम केलेल्या कोणालाही नवीन नाही. लोकलच्या टपावर चढलेली पोरं आणि वरची २५,००० व्होल्टची ओव्हरहेड वायर, गच्चीवर बांधकाम करताना लोखंडी सळई लाइनला लागणं, पोलवर चढलेला कंत्राटी कामगार, हेच पेशंट असतात. तेव्हा अमेरिकेतली गोष्ट म्हणून लांबून बघायचं काही कारण नाही.

एक हात गेला आणि दोन्ही गेले यात फार मोठा फरक आहे, तोही इथेच सांगतो. एक हात असलेला माणूस कृत्रिम हात बरेचदा कपाटात ठेवून देतो, कारण उरलेल्या हाताने तो बहुतेक सगळं उरकतो आणि जड, घाम आणणारं यंत्र अंगावर बाळगण्यात त्याला फायदा दिसत नाही. दोन्ही हात नसलेल्या माणसाला ती चैनच नाही. जेवण, बटण, दाढी, संडास, सगळ्याला दुसरं माणूस लागतं. त्यामुळे असा माणूस अवघड यंत्रसुद्धा चिकाटीने शिकतो, आणि नवीन प्रयोगालाही "करून बघू" म्हणायची शक्यता जास्त. हे चांगलंही आहे आणि थोडं धोक्याचंही, त्यावर पुढे येतो.

अडचण नेमकी काय होती

बाजारात मिळणारा इलेक्ट्रिक हात साधारण असा चालतो: स्नायू आखडला की त्यात बारीक वीज तयार होते, कातडीवर ठेवलेला इलेक्ट्रोड ती पकडतो, अँप्लिफायर ती मोठी करतो आणि मोटर फिरते. यालाच मायोइलेक्ट्रिक म्हणतात. मनगटाच्या वरून, म्हणजे फोरआर्ममधून हात गेला असेल तर हे झकास जमतं, कारण मूठ मिटणारे आणि उघडणारे स्नायू तिथे अजून असतात. माणूस मूठ मिटायचा विचार करतो, तोच स्नायू आखडतो, हात मिटतो.

कोपराच्या वर गेलं की गोची सुरू होते. आता दंडातले बायसेप्स आणि ट्रायसेप्स हे दोनच स्नायू उरले आणि त्यांच्याकडून कोपर पण चालवायचा, मनगट पण फिरवायचं, पंजा पण. मग काय करतात, तर एका वेळी एकच सांधा चालवायचा आणि मधे काहीतरी करून "मोड" बदलायचा. पाण्याचा ग्लास उचलायचा तर आधी कोपर, थांबा, मोड बदला, मग मनगट, थांबा, मग पंजा. आणि पंजा मिटण्यासाठी बायसेप्स आखडायचा, ज्याचा मुठीशी जन्मात संबंध नव्हता. माणसं याला कंटाळतात यात नवल नाही.

आणि खांद्यापासून हात गेला तर? जितकं वरून कापलं तितके जास्त सांधे यंत्राने भरून काढायचे आणि तितकेच कमी स्नायू सिग्नल द्यायला शिल्लक. गरज सगळ्यात जास्त तिथे सोय सगळ्यात कमी. या लाइनमनना सुरुवातीला जे दिलं ते त्या काळाच्या मानाने उत्तमच होतं, उजवीकडे पट्टा आणि केबलवर, म्हणजे शरीराच्याच ओढीवर चालणारा हात, आणि डावीकडे इलेक्ट्रिक हात ज्याचे टच पॅड खांद्याचा उरलेला भाग हलवून दाबायचे. चालायचं, पण हळू आणि सगळं लक्ष त्यातच घालून.

आता यातली मजेची गोष्ट बघा. मेंदूला हात गेल्याचं कळलेलं नसतं, म्हणजे हुकूम सोडायचं तो काही थांबवत नाही. माणसाने मूठ मिटायचा विचार केला की हुकूम मणक्यातून निघतो, हातात जाणाऱ्या चार मोठ्या नर्व्हमधून, म्हणजे मज्जातंतूंमधून, काखेपर्यंत येतो आणि तिथे तुटलेल्या टोकापाशी संपतो. मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह कोपर वाकवायची, मीडियन मुख्यतः मूठ मिटायची, रेडियल कोपर सरळ करायची आणि बोटं उघडायची, अल्नर हाताच्या आतल्या बारीक स्नायूंना जायची. चारही लाइनी चालू, फक्त पलीकडे काही जोडलेलं नाही.

मग थेट नर्व्हवरच इलेक्ट्रोड का नाही लावला? कारण नर्व्हमधला सिग्नल फारच बारीक असतो, मायक्रोव्होल्टमध्ये, आणि त्यावर बसवलेला इलेक्ट्रोड वर्षानुवर्षं जागचा न हलता, नर्व्हला इजा न करता टिकवणं त्या वेळी रोजच्या वापरासाठी जमण्यातलं नव्हतं. शिवाय कातडीतून बाहेर काढलेली वायर म्हणजे इन्फेक्शनला उघडं दार.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तेच पुढे चालवायचं, सराव वाढवायचा, सॉकेट, म्हणजे कृत्रिम हात अंगावर घट्ट बसवणारा साचा, सुधारायचं. यात धोका शून्य, आणि सुधारणा पण जवळपास तितकीच.

दुसरा, हाताचं प्रत्यारोपण. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या लियॉनला एका हाताचं आणि २००० मध्ये तिथेच दोन्ही हातांचं झालेलं होतं, म्हणजे कल्पना हवेतली नव्हती. पण ते फोरआर्म, मनगटाच्या पातळीवर. नर्व्ह नवीन हातात वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटरने. खांद्यापासून बोटापर्यंतचं अंतर मोजा, दोन वर्षांपेक्षा जास्त लागतात, आणि तोपर्यंत पंजातले स्नायू वाट बघून वाळून गेलेले असतात. शिवाय रिजेक्शन होऊ नये म्हणून आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. त्यामुळे तेव्हा हा रस्ता बंदच होता. खांद्याच्या पातळीवर दोन्ही हात बसवायचा प्रयत्न पुढे लियॉनलाच झाला, पण थेट जानेवारी २०२१ मध्ये, आणि तो पेशंटसुद्धा आइसलंडचा इलेक्ट्रिशियन, १९९८ साली हाय टेन्शन लाइनवर हात गमावलेला. आपल्याकडे कोचीला २०१५ पासून आणि मुंबईत २०२० मध्ये हाताचं प्रत्यारोपण झालं, त्याबद्दल बऱ्याच जणांनी वाचलं असेल.

तिसरा पर्याय वर सांगितला तो, नर्व्हवर किंवा मेंदूत इलेक्ट्रोड. लॅबमध्ये ठीक, घरी घेऊन जायला नाही.

चौथा पर्याय टॉड कायकन यांच्या डोक्यात बरीच वर्षं होता. हा माणूस डॉक्टर पण आहे आणि बायोमेडिकल इंजिनियर पण, तेव्हा शिकागोच्या रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूटमध्ये, जिला २०१७ पासून शर्ली रायन अबिलिटीलॅब म्हणतात. त्यांचा विचार असा होता की नर्व्हचा सिग्नल बारीक आहे ना, मग तो मोठा करायला इलेक्ट्रॉनिक अँप्लिफायर कशाला, शरीरातच एक आहे की, स्नायू. तुटलेली नर्व्ह जवळच्या अशा स्नायूला जोडायची ज्याला आता काही कामच उरलेलं नाही. ती नर्व्ह त्या स्नायूत वाढेल, आणि मग मेंदूने "मूठ मिट" म्हटलं की तो स्नायू आखडेल, आणि ते कातडीवरून साध्या इलेक्ट्रोडने वाचता येईल. एका खोलीतली पंख्याची वायर उघडी पडली असेल तर ती दुसऱ्या खोलीतल्या रिकाम्या बल्बला जोडायची, बटण दाबलं की बल्ब लागतो, म्हणजे बटण दाबलं हे कळतं, इतकंच.

याच्या मागे उंदरांवरचं काम होतं. १९९५ मध्ये कायकन आणि सहकाऱ्यांनी छापलं होतं की एका स्नायूला गरजेपेक्षा जास्त नर्व्ह फायबर दिले तर तो उलट जास्त चांगला सावरतो. हे इथे महत्त्वाचं ठरतं, कारण हाताच्या नर्व्ह जाडजूड, हजारो फायबरच्या, आणि छातीच्या स्नायूच्या एका तुकड्याला खरं तर त्यातले थोडेसेच लागतात. म्हणजे निम्मे फायबर वाया गेले तरी स्नायू चालेल अशी आशा होती. पण माणसात हात चालवण्यासाठी हे कोणी केलेलं नव्हतं.

निर्णय कुठे कुठे अवघड होता

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते इथे. कारण वाचताना "नर्व्ह जोडली" हे एका ओळीत संपतं, पण त्यासाठी आधी एक चालू गोष्ट मुद्दाम बंद करावी लागते.

छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरालिस मेजर, त्याला स्वतःच्या नर्व्ह असतात. त्या कापल्याशिवाय भागत नाही, कारण जुना हुकूम आणि नवा हुकूम एकाच स्नायूत आले तर सिग्नलचा गोंधळ. आणि एकदा कापल्या की परत नाही. नवीन नर्व्ह रुजली नाही तर तो स्नायू कायमचा गेला. आता कोणी म्हणेल हातच नाही तर छातीचा स्नायू हलवणार काय, तो तसाही बेकारच आहे, आणि बरोबर आहे, टीमचा हिशोब तोच होता. पण त्या स्नायूचं एक काम होतं, खांद्याचा भाग पुढे ढकलून टच पॅड दाबण्यात त्याची मदत व्हायची. म्हणजे प्रयोग फसला असता तर माणूस होता तिथेच राहिला असता असं नाही, थोडा मागे गेला असता.

दुसरा धोका दुखण्याचा. कापलेल्या नर्व्हच्या टोकाला न्यूरोमा होतो, म्हणजे वाट न सापडलेल्या फायबरची गाठ, आणि ती भयंकर दुखू शकते. शांत झालेल्या नर्व्हची टोकं परत उघडायची, ताजी कापायची, म्हणजे फँटम दुखणं, नसलेल्या हातात जाणवणारं दुखणं, परत जागं होण्याची भीती. त्यात हा पेशंट विजेचा, आणि करंट नर्व्हमधूनही जातो, तेव्हा काखेतल्या नर्व्ह आतून किती चांगल्या आहेत हे उघडून बघेपर्यंत नक्की सांगता येत नाही.

तिसरा प्रश्न किती नर्व्ह आणि किती स्नायू. एक जोडून बघायची, जमलं तर पुढे? सुरक्षित वाटतं, पण दुसऱ्या वेळी त्याच जागी वण झालेला असतो आणि नर्व्ह शोधणं जास्त अवघड होतं. टीमने चारही नर्व्ह एकाच ऑपरेशनमध्ये घ्यायचं ठरवलं. मला हा निर्णय धाडसी वाटतो पण चुकीचा नाही, चारातल्या दोन लागल्या असत्या तरी आधीपेक्षा सरसच होतं.

बाजू डावी निवडली. तिथे इलेक्ट्रिक हात आधीपासून होता, त्यामुळे ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा फरक त्याच बाजूला मोजता येणार होता, आणि उजवीकडचा केबलचा हात अडीअडचणीला राहणार होता. पण डावीकडे हृदय आहे, आणि त्याने पुढे इंजिनियरला त्रास दिलाच.

संमतीचा मुद्दा पण इथलाच. दोन्ही हात नसलेल्या माणसाला "कदाचित हात बरा चालेल" असं विचारलं तर तो सहसा नाही म्हणत नाही. अशा वेळी टीमने धोका स्वतःहून जास्त ठासून सांगावा लागतो. आज कोणी आपल्याकडे हे करणार असेल तर माझं मत असं की पेशंटच्या घरच्यांनाही बसवून, मराठीत, "हे जमलं नाही तर आज जे करता ते पण थोडं कमी होईल" हे वाक्य जसंच्या तसं बोललं गेलं पाहिजे.

काय केलं

फेब्रुवारी २००२, अपघाताला नऊ महिने झालेले. ऑपरेशन केलं ते नॉर्थवेस्टर्नचे प्लास्टिक सर्जन ग्रेगरी डुमेनियन यांनी. पेक्टोरालिस मेजरचे नैसर्गिक भाग असतातच, त्याप्रमाणे त्याचे तीन तुकडे वेगळे केले. वरच्या, कॉलरबोनकडच्या भागाला मस्क्युलोक्युटेनियस, मधल्याला मीडियन, खालच्याला रेडियल. चौथी अल्नर, तिच्यासाठी पेक्टोरालिस मायनर म्हणजे खालचा छोटा स्नायू मोठ्याच्या खालून बाहेर काढून बाजूला सरकवला, कारण तो खालीच ठेवला असता तर वरच्या स्नायूचा आणि त्याचा सिग्नल एकमेकांत मिसळला असता.

आणखी एक गोष्ट केली जी सर्जरीच्या पुस्तकात सापडणार नाही, इंजिनियरच्या हिशोबातून आली. स्नायूवरची चरबी काढून टाकली. चरबी जाड असली की कातडीपर्यंत पोचेपर्यंत सिग्नल कमी होतो आणि पसरतो, म्हणजे शेजारच्या स्नायूचा आवाज पण याच इलेक्ट्रोडमध्ये ऐकू येतो. कातडी आणि स्नायू जवळ आणले की प्रत्येक तुकडा वेगळा ऐकू येतो. सर्जनने सुरी फिरवायची ती इलेक्ट्रोडची सोय बघून, हे तोवर फारसं कोणी केलेलं नसावं, आणि मला या प्रकरणातलं हेच सगळ्यात आवडतं.

मग वाट बघायची. दिवसाला मिलिमीटर. तीनेक महिन्यांनी पहिल्या बारीक हालचाली, पाचेक महिन्यांनी वापरता येतील असे सिग्नल. पेशंटने नसलेला कोपर वाकवायचा विचार केला की छातीचा वरचा भाग थरथरायचा, मूठ मिटायची म्हटलं की दुसरा भाग. शिकवावं लागलं नाही, हे नीट लक्षात घ्या. जुन्या हाताला जे सांगायचं तेच सांगायचं.

नवीन हात जुळवताना त्रास झाला तो हृदयाचा. डाव्या छातीवर इलेक्ट्रोड ठेवला की ईसीजी पण त्यातच येतो, प्रत्येक ठोक्याला एक टोक, आणि हात ते हुकूम समजून उचकी दिल्यासारखा हलू शकतो. स्नायूच्या सिग्नलचा बराचसा भाग वरच्या फ्रिक्वेन्सीला असतो आणि ईसीजी खालच्या, त्यामुळे साधारण ६० हर्ट्झच्या खालचं गाळून टाकलं की पुष्कळ काम भागतं, थोडा स्नायूचा सिग्नल पण जातो पण चालतं. याच ग्रुपने पुढे २००७ मध्ये ह्यावर वेगळा पेपरच लिहिला.

कोपर आणि पंजा नवीन सिग्नलवर, बाकीचं जुन्या स्विचवर, अशी मांडणी झाली.

काय निष्पन्न झालं

चारपैकी तीन नर्व्ह लागल्या. अल्नर ते पेक्टोरालिस मायनर हे फसलं.

चाचण्या दोन प्रकारच्या होत्या. एकात लाकडाचे ठोकळे एका खणातून दुसऱ्या खणात टाकायचे, ठरलेल्या वेळात किती होतात ते मोजायचं. त्यात जुन्या हातापेक्षा अडीच पटीच्या आसपास काम झालं. दुसऱ्यात कपड्यांचे चिमटे आडव्या दांडीवरून उभ्या दांडीवर लावायचे, त्यात २६ टक्के सुधारणा. दोन आकड्यांत एवढा फरक का, तर ठोकळ्याला कोपर आणि पंजा पुरतो, आणि ते दोन्ही आता एकाच वेळी आणि विचार न करता चालत होते. चिमट्याला मनगट फिरवावं लागतं आणि मनगट अजून जुन्या पद्धतीनेच होतं. हा माझा अर्थ आहे, पण आकडे तरी तेच सुचवतात. म्हणून अशा कामाच्या बातम्या वाचताना कोणती चाचणी होती हे आधी बघावं, नाहीतर "अडीच पट" एवढंच डोक्यात राहतं. २००४ मध्ये हे सगळं छापून आलं.

आणि मग जे कोणी ठरवलंच नव्हतं ते झालं. काही महिन्यांनी छातीच्या कातडीला हात लावला की पेशंटला आपल्या नसलेल्या हाताला कोणीतरी हात लावतंय असं जाणवायला लागलं. कारण कळल्यावर सोपं वाटतं. चरबी काढताना त्या कातडीच्या स्वतःच्या स्पर्शाच्या नर्व्ह तुटल्या होत्या. हाताच्या नर्व्हमध्ये हुकूम नेणारे फायबर असतात तसे स्पर्श आणणारेही असतात, बरेच. ते स्नायूतून वर वाढत जाऊन रिकाम्या कातडीत शिरले. आता छातीच्या एका जागी दाबलं की तळवा, दुसऱ्या जागी बोट. गरम, गार, टोचणं हे पण हाताचं म्हणूनच कळायचं. २००७ मध्ये पीएनएएस या जर्नलला यावर पेपर आला.

म्हणजे सिग्नल चांगला यावा म्हणून केलेल्या एका गोष्टीने दुसराच दरवाजा उघडला. कृत्रिम बोटाला सेन्सर लावा, त्याचा दाब छातीवरच्या त्या जागी द्या, आणि माणसाला हातात काय धरलंय ते हातातच कळेल, ही शक्यता तिथून आली.

वेगळं काय करता आलं असतं

अल्नरचं आधी बोलू. स्नायू जागचा उचलून हलवला की त्याचा रक्तपुरवठा जपणं आणि त्याच वेळी त्यात नवीन नर्व्ह रुजवणं हे दुहेरी ओझं होतं. स्नायू हलवण्यापेक्षा आहे तिथेच असलेला शोधावा, हा धडा पुढच्या ऑपरेशनमध्ये घेतलेला दिसतो.

स्पर्शाचं तर उघडच आहे. इथे तो अपघाताने आला, त्यामुळे छातीवर हाताचा नकाशा कसाही उमटला. पुढच्या काळात एका तरुण महिला पेशंटमध्ये, जिचा हात खांद्याजवळून गेला होता, कातडीची नर्व्ह मुद्दाम कापून तिचं पुढचं टोक हाताच्या नर्व्हला जोडलं. २००७ च्या लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये ते आहे.

पण सगळ्यात मोठा बदल मला वाटतो तो वेळेचा. नऊ महिने थांबणं इथे भागच होतं, कारण कल्पनाच नवीन होती. आता प्रश्न उलटा विचारला जातो: अँप्युटेशनच्या टेबलावरच नर्व्ह का नाही जोडायच्या? टोक ताजं असतं, ओळखायला सोपं, वण नाही. आणि यातून दुसरा फायदा निघाला जो आज पहिल्यापेक्षा जास्त पेशंटना लागू पडतो. नर्व्हला वाढायला जागा दिली, काम दिलं, की न्यूरोमा आणि फँटम दुखणं कमी होतं. २०१९ मध्ये डुमेनियन आणि सहकाऱ्यांनी अॅनल्स ऑफ सर्जरीमध्ये २८ पेशंटचा रँडमाइज्ड, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेला, अभ्यास छापला, अर्ध्यांना ही पद्धत आणि अर्ध्यांना न्यूरोमा काढून टोक स्नायूत पुरायची नेहमीची पद्धत, आणि वर्षाने फँटम दुखण्यात पहिल्या गटाला जास्त आराम होता. इलेक्ट्रिक हातासाठी शोधलेली गोष्ट ज्यांना इलेक्ट्रिक हात कधीच मिळणार नाही त्यांच्याही कामाला आली. ऑपरेशनआधी ज्या दुखण्याची भीती होती त्याच दुखण्याचा हा इलाज निघावा, हे कोणाला वाटलं असतं.

इलेक्ट्रोडचं म्हणाल तर ते कातडीवरच राहिले आणि तीच या सगळ्याची कमजोर कडी. घाम आला, वजन कमी-जास्त झालं, हात वर केला, सॉकेट अर्धा सेंटिमीटर सरकलं, की सिग्नल बदलला. लॅबमध्ये एसी असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला खांद्यावर आणि छातीवर घट्ट प्लास्टिकचं सॉकेट घालून दिवस काढायचा विचार करून बघा. याच लाइनमनवर पुढे सहा सांध्यांचा प्रायोगिक हात पण चालवून बघितला गेला, पण तो लॅबपुरता. घरी रोज काय वापरता येतं याचं उत्तर मोटर किती आहेत यापेक्षा वजन, बॅटरी आणि कातडी सोलवटते का यावर जास्त ठरतं.

आज असाच पेशंट आला तर

सिग्नल वाचायची पद्धत बदलली आहे. २००९ मध्ये कायकन यांच्याच ग्रुपने जामा या मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं की एक स्नायू-एक हालचाल असं न ठेवता, बरेच इलेक्ट्रोड लावून सगळा पॅटर्न कॉम्प्युटरला ओळखायला दिला तर जास्त हालचाली मिळतात, पाच पेशंटमध्ये. मिशिगनला पॉल सेडर्ना यांच्या टीमने स्नायूचा छोटा तुकडा घेऊन नर्व्हच्या टोकाभोवती गुंडाळायची पद्धत काढली, यात जवळ रिकामा स्नायू नसला तरी चालतं, आणि २०२० मध्ये त्यातून बोटं चालवून दाखवली. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क आणि मॅक्स ऑर्टिझ कॅटलान यांनी कृत्रिम हात थेट हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या खुंटीवर बसवला आणि त्यातूनच वायरी आत नेल्या, म्हणजे सॉकेट पण गेलं आणि इलेक्ट्रोड पण स्नायूवर आत. २०२० च्या न्यू इंग्लंड जर्नलमध्ये असे चार पेशंट काही वर्षं घरी, कामावर हात वापरताना दाखवलेत. २०२३ मध्ये याच मंडळींनी कोपराच्या वर हात गेलेल्या एका पेशंटमध्ये नर्व्ह चिरून वाटून वेगवेगळ्या स्नायूंना दिल्या, आत इलेक्ट्रोड ठेवले, आणि त्याला एकेक बोट वेगळं हलवता आलं. पायाकडे एमआयटीत ह्यू हर यांच्या टीमने वाकवणारा आणि सरळ करणारा स्नायू एकमेकांना जोडून ठेवायची सर्जरी केली, २०२४ मध्ये सात विरुद्ध सात पेशंटच्या तुलनेत चालण्याचा कमाल वेग ४१ टक्के जास्त आला.

पण हाडात खुंटी बसवायला हाड लागतं, आणि आपल्या लाइनमनकडे दंडाचं हाडच नव्हतं. त्यामुळे सगळं नवीन सगळ्यांना लागू नाही. खांद्यापासून गेलेल्या पेशंटला आजही सॉकेट चुकत नाही, आणि छातीत नर्व्ह जोडण्याला फारसा पर्याय नाही.

आपल्याकडे याला यंत्राच्या किमतीमुळे लोक सुरुवातीलाच बाजूला ठेवतात, मला ते पटत नाही. नर्व्ह जोडायला लागतं मायक्रोस्कोप किंवा लूप (सर्जनचा भिंगाचा चष्मा), बारीक धागा आणि नर्व्हची सर्जरी येणारा प्लास्टिक सर्जन, आणि हे महाराष्ट्रातल्या मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आहे, अपघातात कापलेली बोटं रात्री-बेरात्री जोडणारी माणसं तीच तर असतात. खरी अडचण ही की अँप्युटेशन बरेचदा दुसऱ्याच विभागात, घाईत, इमर्जन्सी म्हणून होतं आणि नर्व्ह ओढून कापून आत सोडून देतात, कारण तोच रिवाज आहे. त्या वेळी प्लास्टिक सर्जनला एक फोन झाला, निदान कोणती नर्व्ह कुठे सोडली ते ऑपरेशन नोटमध्ये लिहिलं आणि टोकं शक्य तितकी लांब ठेवली, तर सहा महिन्यांनी पुढचा माणूस वणात चाचपडत बसणार नाही. हात महाग आहे तो नंतर येईल किंवा येणारही नाही, दुखणं मात्र टाके काढायच्या आधीच सुरू झालेलं असतं.